मातीची लहान धरणे आणि मालकाचे दायित्व

धरणाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की लक्ष साहजिकच कोयना, जायकवाडी, उजनी यांसारख्या विशाल जलाशयांकडे जाते. या धरणांवर उपकरणे बसविलेली असतात, अभियंत्यांची नेमणूक असते आणि पावसाळ्यात त्यांच्या पाण्याच्या पातळीची वार्ता घरोघरी पोहोचते. परंतु एखाद्या मळ्याच्या, शिक्षणसंस्थेच्या किंवा कारखान्याच्या आवारात दोन-तीन पिढ्यांपूर्वी मातीचा भराव घालून जे पाणी अडविले गेले, ज्याचा नकाशा कोणाच्याही दप्तरात नाही आणि ज्याच्या काठी आता केवळ सहलीसाठी माणसे जातात, त्या धरणाचे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत भाषणाचा विषय अशी लहान, मातीची व खाजगी मालकीची धरणे हा आहे.

‘लहान’ हा शब्द येथे फसवा आहे. तो धरणाची उंची सांगतो, धोक्याची नव्हे. याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात घडले आणि त्या देशाचे धरणविषयक धोरण त्या एका घटनेने बदलले, म्हणून त्याचा वृत्तांत थोडा विस्ताराने पाहणे इष्ट ठरेल.

टोकोआ येथील धरण

जॉर्जियाच्या ईशान्येस टोकोआ नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील ओढा सुमारे १८६ फूट उंचीच्या कड्यावरून कोसळतो. या धबधब्याच्या वरच्या अंगास १८९९ साली लाकडी चौकटीत दगड भरून एक बांध घालण्यात आला. हेतू अल्प प्रमाणात वीज निर्माण करण्याचा होता. पुढे धबधब्याखाली एक धार्मिक शिक्षणसंस्था उभी राहिली. विजेची गरज वाढली तशी १९३७ च्या सुमारास त्या जुन्या दगडी बांधावरच मातीचा भराव घालण्यात आला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची उंची पुन्हा वाढविण्यात आली. अशा रीतीने केली बार्न्स या नावाने ओळखले जाणारे हे धरण कोणा एका अभियंत्याच्या संकल्पनातून नव्हे, तर गरजेप्रमाणे थरावर थर चढत उभे राहिले. त्याची उंची सुमारे ३८ फूट आणि लांबी सुमारे ४०० फूट होती.

१९५७ साली वीजनिर्मिती बंद झाली आणि तलाव केवळ करमणुकीसाठी उरला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. धरणाच्या पाण्यावर यंत्र चालते तोवर झडप उघडण्यासाठी, जाळी साफ करण्यासाठी कोणी ना कोणी तेथे जातच असतो. त्याला कोणी निरीक्षक म्हणत नाही, परंतु भरावावर ओल दिसली तर ती प्रथम त्यालाच दिसते. उपयोग संपला की ही नजर संपते, पाण्याचा दाब मात्र पूर्वीइतकाच राहतो. जगातील कित्येक लहान धरणांची कहाणी या एका वाक्यात सामावलेली आहे.

नोव्हेंबर १९७७ च्या आरंभी त्या परिसरात चार दिवसांत सुमारे ७ इंच पाऊस झाला. त्यातील निम्मा ५ तारखेच्या सायंकाळपासून मध्यरात्रीपर्यंतच्या सहा तासांत कोसळला. ६ नोव्हेंबर रोजी रात्री सुमारे दीड वाजता भराव खचला. साठलेले पाणी कड्यावरून खाली आले आणि काही मिनिटांतच संस्थेच्या आवारातील झोपलेल्या कुटुंबांवर आदळले. ३९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत २० मुले होती. नंतरच्या पाहणीत या लोंढ्याचा कमाल वेग सुमारे २४,००० क्युसेक असावा असे अनुमान काढण्यात आले. मुठा नदीत एवढा विसर्ग सोडावयाचा असला तर पुण्यातील नदीकाठच्या वस्त्यांना आधी इशारे दिले जातात. येथे तो एका ओढ्यात, अंधारात, कोणत्याही पूर्वसूचनेविना आला.

चौकशी करणाऱ्या तज्ज्ञांना धरणाचे अभियांत्रिकी नकाशे मिळाले नाहीत. फुटण्याचे एकच निश्चित कारण त्यांनी सांगितले नाही. तथापि जी संभाव्य कारणे त्यांनी नोंदविली, ती सर्व उघड्या डोळ्यांना दिसण्यासारखी होती. खालच्या अंगाचा उतार जवळजवळ एकास एक, म्हणजे मातीच्या भरावास कधीही न मानवणारा, असा उभा होता. भरावावर झाडे वाढली होती. तळातून जाणारा जुना नळ निकामी झाला होता. एवढेच नव्हे, तर १९७३ साली घेतलेल्या एका छायाचित्रात खालच्या उतारावरील मातीचा मोठा लोंबा घसरलेला स्पष्ट दिसत होता. दुर्घटनेपूर्वी चार वर्षे धरणाने स्वतःच खूण दाखविली होती. ती खूण वाचणे ज्याचे काम आहे असा मनुष्य तेथे कोणी नेमलेलाच नव्हता.

कायदा होता, तरतूद नव्हती

या घटनेचा खरा बोध कायद्याच्या अंगाने पाहिल्यास मिळतो. अमेरिकेत १९७२ साली, बफेलो क्रीक येथे कोळशाच्या गाळाचा बांध फुटून १२५ माणसे दगावल्यानंतर, धरणांच्या तपासणीचा राष्ट्रीय कायदा संमत झाला होता. देशातील धरणांची यादीही तयार झाली. परंतु खाजगी व इतर बिगर-संघीय धरणांची प्रत्यक्ष तपासणी करण्यास आवश्यक तो पैसा उपलब्ध करून दिला गेला नाही. टोकोआ येथील दुर्घटनेनंतर मात्र राष्ट्राध्यक्ष कार्टर, जे स्वतः जॉर्जियाचे पूर्वीचे राज्यपाल होते, यांनी अधिक धोक्याच्या धरणांची तपासणी तत्काळ सुरू करण्याचा आदेश दिला. १९८१ पर्यंत सुमारे ८,८०० धरणे तपासण्यात आली आणि त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश असुरक्षित आढळली. पुष्कळ धरणांत मुख्य दोष एकच होता, सांडवा अपुरा होता.

जॉर्जिया राज्याने १९७८ मध्ये स्वतःचा धरण सुरक्षितता कायदा केला. त्यातील वर्गीकरणाची पद्धत अभ्यसनीय आहे. विशिष्ट उंचीच्या किंवा साठ्याच्या धरणांची तेथे दोन वर्गांत विभागणी होते. धरण फुटल्यास खाली प्राणहानी संभवते काय, एवढ्या एकाच प्रश्नाच्या उत्तरावर ही विभागणी अवलंबून असते. प्राणहानी संभवत असेल तर मालकाला परवाना घ्यावा लागतो आणि धरण ठरावीक मानकांस उतरावे लागते. दुसऱ्या वर्गातील धरणांची यादी कायमची मिटविली जात नाही. धरण तेच राहते, परंतु खाली वसाहत होते, रस्ता येतो, शाळा येते, आणि काल निरुपद्रवी असलेला बांध आज धोकादायक ठरतो. म्हणून त्या यादीची ठरावीक वर्षांनी पुन्हा छाननी केली जाते.

मालकाचे दायित्व: दोन जुने निवाडे

खाजगी मालकाने साठविलेले पाणी सुटून दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई कोणी करावयाची? या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकातील न्यायालयांनाही कोड्यात टाकले होते. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात रायलँड्स नावाच्या गिरणीमालकाने आपल्या गिरणीसाठी एक तलाव बांधवून घेतला. १८६० साली त्याचे पाणी जमिनीखालील सोडून दिलेल्या विवरांतून शेजारच्या फ्लेचर यांच्या खाणीत शिरले. काम कंत्राटदारांनी केले होते आणि मालकाचा वैयक्तिक निष्काळजीपणा सिद्ध झाला नव्हता. तरीही १८६८ मध्ये लॉर्ड्स सभागृहाने त्याला जबाबदार धरले. सुटल्यास अनर्थ करील अशी वस्तू जो आपल्या स्वार्थासाठी आपल्या जमिनीत आणून साठवितो, त्याने ती स्वतःच्या जोखमीवर सांभाळावी, असा या निवाड्याचा आशय आहे.

यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १८७४ मध्ये, हाच प्रश्न भारतातून प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. मद्रास इलाख्यातील कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीत फुटले आणि रेल्वेचे पूल वाहून गेले. रेल्वे कंपनीने इंग्लिश निवाड्याचा आधार घेतला. न्यायाधीशांनी तो येथे लागू केला नाही. हे तलाव जमीनदाराने आपल्या सोयीसाठी बांधलेले नाहीत, ते प्राचीन काळापासून शेतीचा आधार आहेत आणि ते राखणे हा त्याचा हक्कच नव्हे तर कर्तव्य आहे, तेव्हा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याखेरीज त्याला दोषी धरता येणार नाही, असा त्या निर्णयाचा गाभा होता.

हे दोन निवाडे परस्परविरोधी वाटतात, पण त्यांच्यातील भेद मार्मिक आहे. एकात पाणी एकाच्या नफ्यासाठी अडविलेले होते, दुसऱ्यात गावाच्या पोटासाठी. आज एखाद्या टेकडीच्या कुशीत विश्रामगृहाची शोभा वाढविण्यासाठी भराव घातला जातो, तेव्हा तो कार्वेटीनगरच्या तलावापेक्षा लँकेशायरच्या गिरणीतलावाच्या अधिक जवळचा आहे, असेच म्हणावे लागेल. शिवाय जमीनदाराला मिळालेले संरक्षणही निष्काळजीपणाला नव्हते.

भारतातील कायद्याची मर्यादा

आपल्या देशात धरण सुरक्षितता अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून अंमलात आला. या कायद्यातील मालक या संज्ञेत केंद्र व राज्य शासने जशी येतात, तशाच कंपन्या व धरण बाळगणाऱ्या इतर संस्था येतात. लोणावळा-मुळशी परिसरातील टाटांच्या जलविद्युत धरणांसारखी खाजगी धरणे त्यामुळे त्याच्या कक्षेत आहेत. ‘विनिर्दिष्ट’ धरणाच्या मालकाने सुरक्षितता पथक नेमावयाचे, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी करावयाची, आपत्कालीन कृतियोजना तयार ठेवावयाची आणि ठरावीक काळाने स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन करून घ्यावयाचे, असे बंधन आहे. कसूर केल्यास शिक्षेचीही तरतूद आहे.

परंतु विनिर्दिष्ट धरण कोणते? १५ मीटरपेक्षा अधिक उंचीचे प्रत्येक धरण. त्याखालील, १० ते १५ मीटर उंचीचे धरण तेव्हाच, जेव्हा त्याची लांबी किमान ५०० मीटर असेल, किंवा साठा किमान १० लाख घनमीटर असेल, किंवा कमाल पूरविसर्ग सेकंदास किमान २,००० घनमीटर असेल, किंवा त्याचा पाया विशेष अडचणीचा वा संकल्पन असामान्य असेल.

आता या मापाने टोकोआचे धरण मोजून पाहावे. उंची सुमारे साडेअकरा मीटर. लांबी सव्वाशे मीटरांच्या आत. फुटताना त्यात असलेला साठा सुमारे पावणेआठ लाख घनमीटर. म्हणजे असामान्य संकल्पनाचा मुद्दा कोणी उपस्थित केला नसता तर ३९ बळी घेणारे हे धरण या व्याख्येत बसलेच नसते. आकड्यांची रेषा कोठेतरी ओढावीच लागते, आणि हजारो बांधांवर एकाच वेळी मोठ्या धरणांचे नियम लादणे व्यवहार्यही नाही. तरीही रेषेच्या अलीकडे असलेले प्रत्येक धरण निर्धोक आहे, असा समज मालकाने करून घेऊ नये. कायद्यानेही तो करू दिलेला नाही. विनिर्दिष्ट नसलेल्या धरणाच्या मालकानेही सुरक्षिततेसाठी आवश्यक ते उपाय योजले पाहिजेत, असे त्यात स्वतंत्रपणे म्हटलेले आहे. या कलमाची वाच्यता मात्र फारशी होत नाही.

महाराष्ट्राला या विषयाची दाहकता नव्याने सांगावयास नको. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा प्रलय ही मोठ्या धरणाची कथा होती. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथे फुटले ते मात्र एका लघुपाटबंधारे योजनेचे मातीचे धरण. ते शासकीय होते, खाजगी नव्हते, पण वीसहून अधिक माणसे त्यात गेली आणि गळतीबाबत ग्रामस्थांनी आधीच तक्रारी केलेल्या होत्या. टोकोआप्रमाणेच येथेही वेळ रात्रीची होती. केनियातील सोलाई येथे ९ मे २०१८ रोजी एका खाजगी मळ्यावरील मातीचे धरण फुटून चाळीसहून अधिक लोक मरण पावले, तेही रात्रीच.

खाजगी मातीच्या धरणांची एक थोर परंपराही आपल्याच राज्यात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील हजारो मालगुजारी तलाव हे तिचे वैभव होय. कोहळी समाजातील जाणत्या माणसांनी उतार, माती आणि पाण्याची धाव यांचा अचूक अंदाज घेऊन हे तलाव बांधले. गावाचा मालगुजार हाच तलावाचा धनी असे आणि भराव दुरुस्त करणे, गाळ काढणे, सांडवा मोकळा ठेवणे ही कामे त्याच्या देखरेखीखाली गावकरी करीत. मालगुजारी नष्ट झाल्यावर १९५१ पासून हे तलाव शासनाकडे आले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हा बदल आवश्यकच होता. परंतु मालकी बदलताना दरवर्षीची देखभाल नव्या व्यवस्थेत जशीच्या तशी उतरली नाही आणि अनेक तलाव गाळाने भरले, काहींचे भराव खचले. मालक खाजगी असो वा सरकारी, हस्तांतराच्या कागदावर जमिनीचा गट क्रमांक असतो. ‘सांडव्याची रुंदी एवढी, तळातील नळ अमुक साली टाकलेला, पूर्वेकडील टोकाला ओल येते’ ही माहिती त्या कागदावर नसते. ती म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात असते आणि त्यांच्याबरोबर जाते.

भराव कशाने फुटतो

मातीची धरणे फुटण्याचे प्रकार फार नाहीत. जवळजवळ निम्मी धरणे पाणी माथ्यावरून वाहिल्याने फुटतात आणि जवळजवळ तितकीच आतून झिजल्याने. उतार घसरून फुटणारी त्यामानाने थोडी.

माथ्यावरून पाणी जाते ते सांडवा लहान असल्यामुळे किंवा तो लहान केला गेल्यामुळे. थोडे अधिक पाणी साठावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचणे, मासे निघून जाऊ नयेत म्हणून जाळी लावणे, या गोष्टी आपल्याकडे अपरिचित नाहीत. अमेरिकेतील साउथ फोर्क धरणावर एका खाजगी क्लबने अशीच जाळी बसविली होती. धरणाचा माथाही कमी केलेला होता आणि तळातून पाणी सोडण्याचे नळ आधीच्या एका मालकाने काढून विकले होते. ३१ मे १८८९ रोजी पुराबरोबर आलेल्या काटक्या-ओंडक्यांनी जाळी बुजली, पाणी माथ्यावरून गेले आणि खालच्या जॉन्सटाउन शहरातील २,२०९ माणसे प्राणास मुकली.

आतील झीज अधिक कावेबाज असते. नळाच्या कडेने, कुजलेल्या मुळाच्या पोकळीतून किंवा बिळातून पाण्याला वाट मिळते. पाणी बाहेर पडताना मातीचे कण नेते, वाट रुंदावते, अधिक पाणी येते आणि अखेरीस भरावाच्या पोटात बोगदा तयार होतो. घूस, उंदीर, खेकडे यांची बिळे हा थट्टेचा विषय नाही, परंतु बिळे बुजविणे हे मालकाचेच काम असल्यामुळे ती त्याची सबबही होऊ शकत नाही.

पायथ्याशी झिरपणारे सर्वच पाणी वाईट नसते. मातीचे धरण थोडेफार पाझरणारच. पाहावयाचे ते हे, की पाणी स्वच्छ आहे की गढूळ, आणि तलावाची पातळी तीच असताना ते वाढते आहे काय. काचेच्या बाटलीत ते भरून रात्रभर ठेवल्यास तळाशी गाळ बसतो की नाही, एवढी परीक्षा कोणालाही करता येते. गढूळ पाणी दिसले तर ते छिद्र चिखलाने किंवा सिमेंटने बुजवू नये. कोंडलेले पाणी दुसरीकडून अधिक जोराने फुटते. त्यावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असा गाळणीसारखा थर घालावा, म्हणजे पाणी येते पण माती अडते. त्याच वेळी तलावाची पातळी हळूहळू उतरवावी, खालच्या वस्तीला सावध करावे आणि पाटबंधारे विभागाच्या अभियंत्यास बोलवावे. पातळी एकदम उतरविली तर पाण्याकडील ओला उतार घसरण्याची भीती असते, हेही ध्यानात ठेवावे.

झाडांच्या बाबतीत घाई उपयोगी नाही. रोपटी वेळीच उपटावीत. परंतु भरावावर मोठा झालेला वृक्ष तोडून बुंधा तसाच सोडल्यास मुळे कुजतात आणि नेमकी नको ती पोकळी तयार होते. अशी मुळे तज्ज्ञांच्या सल्ल्याने, पाणी कमी असताना काढून तो खड्डा मूळ भरावासारखीच माती थराथराने ठोकून भरावा लागतो.

ज्या धरणाचा उपयोग संपला आहे आणि ज्याची दुरुस्ती मालकाच्या आवाक्याबाहेर आहे, त्यासाठी एक मार्ग उरतो, ज्याचे नाव घेण्यास मालक सहसा तयार नसतात. तो मार्ग म्हणजे धरण रीतसर मोडणे. उन्हाळ्यात तलाव रिकामा करून, अभियंत्याने आखून दिल्याप्रमाणे, भराव मूळ ओढ्याच्या तळापर्यंत रुंद कापावयाचा, कापलेल्या बाजूंना सौम्य उतार द्यावयाचा आणि साठलेला गाळ पहिल्या पुराबरोबर खालच्या शेतांत जाणार नाही अशी व्यवस्था करावयाची. अरुंद चर खणून काम उरकले तर पावसाळ्यात तेथे पुन्हा पाणी तुंबते आणि धोका तसाच राहतो. टोकोआ येथे धबधब्यावरचे धरण पुन्हा बांधण्यात आले नाही.